दंड कोण भरणार आणि नुकसान कोण भरणार? फौजदारी खटला आणि विम्याची पॉलिसी

गेल्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारलेला होता. एक बाजू अशी : "गाडी दुसऱ्याच्या दुकानात घुसली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आता कोर्ट जी भरपाई सांगेल ती विमा कंपनी भरेल ना?" आणि दुसरी बाजू : "माझं दुकान फुटलं. ज्यानं फोडलं त्याच्याकडे दमडी नाही, पण गाडीचा विमा आहे म्हणतात. मग मला काही मिळेल की नाही?"

आज आपण हा एकच विषय घेऊ. गुन्ह्यात मालमत्तेचं नुकसान झालं, तर ते विम्यातून भरून निघतं का, आणि निघत असेल तर कोणत्या वाटेनं. थोडक्यात उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. विमा शिक्षा भरत नाही, विमा नुकसान भरतो. पण ते पैसे फौजदारी कोर्टाच्या आदेशातून आपोआप येत नाहीत. त्यांची वाट वेगळी आहे आणि ती वाट गुन्हा घडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच मोकळी होते किंवा बंद पडते. पुढचं सगळं व्याख्यान म्हणजे या तीन वाक्यांचा खुलासा आहे.

एक उदाहरण धरून चालू. हे काल्पनिक आहे, पण आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडू शकेल असं आहे. रात्री साडेअकराची वेळ. एक मोटार वळणावर ताबा सुटून रस्त्याकडेच्या डेअरीत घुसते. शटर वाकतं, काउंटर फुटतो, फ्रीज कामातून जातो, माल वाया जातो. सुदैवानं कुणाला इजा होत नाही. दुकानदाराचा हिशेब होतो २ लाख ४० हजार रुपये. पोलीस येतात, पंचनामा होतो, चालकावर गुन्हा दाखल होतो. आता पुढे काय?

एकाच घटनेचे दोन हिशेब

आपल्याला वाटतं की घटना एक, म्हणजे खटला एक. तसं नसतं. त्या एका रात्रीतून दोन हिशेब सुरू होतात. एक हिशेब सरकार विरुद्ध आरोपी असा. त्यात प्रश्न असतो : गुन्हा घडला का, आणि शिक्षा काय? दुसरा हिशेब दुकानदार विरुद्ध गाडीवाला असा. त्यात प्रश्न असतो : नुकसान किती, आणि ते कोणी द्यायचं? पहिल्या हिशेबात विमा कंपनी कुठेच नसते. ती त्या खटल्यात पक्षकारच नसते. दुसऱ्या हिशेबात मात्र गाडीवाल्याच्या मागे ती उभी असते, निदान उभी असायला हवी.

लोकांची गफलत इथेच होते. फिर्याद दिली म्हणजे पैसे मिळण्याची सोय झाली, असं दुकानदाराला वाटतं. विमा आहे म्हणजे आपण सुटलो, असं गाडीवाल्याला वाटतं. दोघंही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक.

फौजदारी कोर्ट काय देऊ शकतं

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम ३५७ होतं, ते आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५ आहे. आशय तोच आहे. कोर्टानं दंड ठोठावला, तर त्या दंडातून काही किंवा सगळी रक्कम नुकसान सोसलेल्याला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. आणि शिक्षेत दंड नसेल, तरीही आरोपीनं इतकी भरपाई द्यावी असं कोर्ट सांगू शकतं.

सर्वोच्च न्यायालयानं या अधिकाराबद्दल वेळोवेळी खालच्या कोर्टांचे कान टोचले आहेत. १९८८ च्या एका निकालात न्यायालयानं म्हटलं की हा अधिकार सढळपणे वापरा, पण रक्कम वाजवी असू द्या, आरोपीची ऐपत बघा, हवं तर हप्ते बांधून द्या. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. भरपाई द्यायची की नाही याचा विचार करणं हे प्रत्येक फौजदारी कोर्टाचं कर्तव्य आहे, आणि तो विचार केल्याचं निकालात दिसलं पाहिजे, असं ते म्हणालं.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण तीन अडचणी लक्षात ठेवा.

पहिली, हा आदेश बहुतेक वेळा दोषी ठरवल्यावर, म्हणजे खटल्याच्या शेवटी येतो. आपल्याकडे तो शेवट किती वर्षांनी येतो हे आम्ही सांगायला नको. त्यातही दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हातात पडत नाही.

दुसरी, रक्कम आरोपीच्या ऐपतीवर ठरते. डेअरीवाल्याचं नुकसान २ लाख ४० हजारांचं असलं, तरी आरोपी महिना बारा-पंधरा हजार कमावणारा असेल तर कोर्ट पूर्ण रक्कम सांगेलच असं नाही.

तिसरी, आणि आजच्या विषयात सगळ्यांत महत्त्वाची. हा आदेश आरोपीविरुद्ध असतो, विमा कंपनीविरुद्ध नसतो. आदेशाची प्रत घेऊन विमा कंपनीच्या काउंटरवर गेलात आणि "हे घ्या, कोर्टानं सांगितलंय, द्या पैसे" म्हणालात, तर कंपनी नम्रपणे नकार देईल. आणि तिचं म्हणणं कायद्याला धरून असेल.

सरकारच्या पीडित भरपाई योजना आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. पण त्यांचा भर मृत्यू, शारीरिक इजा, अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गोष्टींवर आहे. फुटलेला फ्रीज तिथे बसत नाही. गाडी ठोकून पळून जाणाऱ्यांसाठीची केंद्राची योजनासुद्धा मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार देते. मालमत्तेच्या नुकसानीला त्यात जागा नाही. म्हणून गाडीचा नंबर टिपून ठेवणं, आसपासचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी मागून घेणं, याला पैशात किंमत आहे.

विमा काय देतो

आता दुसऱ्या हिशेबाकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे पॉलिसी घेणारा आणि कंपनी सोडून तिसरा, ज्याचं नुकसान झालं तो. कलम १४७ सांगतं की या विम्यात तिसऱ्याच्या मृत्यूची आणि इजेची जबाबदारी येतेच, आणि त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचीही येते. हे दुसरं पुष्कळांना माहीतच नसतं. थर्ड पार्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त जखमी माणूस येतो.

मर्यादा किती? १९८८ च्या मूळ कायद्यात मालमत्तेसाठी अवघे ६ हजार रुपये होते. पॉलिसीत मात्र मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी १ लाख रुपये अशी मर्यादा रूढ झाली. पण एक खोच आहे. प्रीमियममध्ये थोडी सूट मिळते म्हणून ही मर्यादा परत ६ हजारांवर आणायचा पर्याय दिलेला असतो. विमा काढताना "शंभरेक रुपये वाचतील" असं कोणी म्हणतं आणि आपण मान डोलावतो. घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि 'थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज' या ओळीपुढे कोणता आकडा आहे ते बघा. आजच्या व्याख्यानातून एवढं एकच काम केलंत, तरी आमचा तासभर सार्थकी लागला.

मग दुकानदारानं हे पैसे मागायचे कुठे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. ज्याला आपण बोलताना ट्रिब्यूनल म्हणतो. मालमत्तेचा मालक कलम १६६ खाली तिथे स्वतः अर्ज करू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनं यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीवर वाद चालू आहेत, पण वादाच्या भरवशावर थांबू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. त्याच दुरुस्तीतलं नवं कलम १४९ असं सांगतं की अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीनं दावा मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा, आणि तो अधिकारी ३० दिवसांत न्यायाधिकरणापुढे तडजोडीची रक्कम देऊ करू शकतो. लोकअदालतीतही असे दावे मिटतात.

म्हणजे बघा, एफआयआर आणि पंचनामा हे फौजदारी कागद. पण त्यांचा रोकडा उपयोग होतो तो या दुसऱ्या वाटेवर. फिर्यादीत "दुकानाचे नुकसान झाले" एवढंच लिहून सोडू नका. शटर, काउंटर, फ्रीज, माल, सगळं नावानिशी लिहून घ्या. फोटो काढा. खरेदीची बिलं जमवा. फ्रीज दुरुस्त होणार नाही असं मेकॅनिकनं सांगितलं, तर तसं त्याच्याकडून लेखी घ्या. मोडका माल सर्व्हेअरनं बघेपर्यंत भंगारात देऊ नका.

चुकून की मुद्दाम?

आता अवघड भाग. गुन्हा करणाऱ्याला विम्याचं संरक्षण मिळावं का? मनात येतंच की, "मग काय, विमा काढायचा आणि लोकांची दुकानं फोडत सुटायचं?"

नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३. ज्या कराराचा उद्देश बेकायदेशीर किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो करार रद्दबातल. मुद्दाम केलेल्या गुन्ह्याचा विमा काढता येत नाही. दंडाचाही काढता येत नाही. दंड दुसऱ्यानं भरला तर शिक्षेला अर्थच उरत नाही.

पण निष्काळजीपणा हा वेगळा प्रकार आहे. मोटारीचा विमा माणूस काढतो तोच मुळी आपल्या निष्काळजीपणासाठी. इंग्लंडमध्ये १९२१ साली एक प्रकरण झालं. लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर एका चालकानं भरधाव गाडी हाकून तिघांना उडवलं, एकाचा जीव गेला. चालकानं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तरीही कोर्ट म्हणालं की कृत्य मुद्दाम केलेलं नाही, निष्काळजीपणाचं आहे, तेव्हा विमा कंपनीनं भरपाईचा भार उचलावा. फौजदारी शिक्षा झाली म्हणून विमा आपोआप गेला, असं होत नाही.

आपल्याकडचा कायदाही हा फरक मानतो. न्याय संहितेचं कलम २८१ म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. कलम ३२४ म्हणजे आगळीक, जुनी ४२५-४२७. आगळिकीसाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. आगळिकीत नुकसान १ लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. आमच्या उदाहरणातला चालक वळणावर चुकला. पण तोच माणूस उधारीच्या भांडणावरून रागानं गाडी दुकानावर घालता, तर? गाडी तीच, शटर तेच, नुकसानही तेच. पण पॉलिसीच्या दृष्टीनं गोष्ट पूर्ण बदलली. तिथे गाडीवाल्यानं कंपनीकडे हात पसरून उपयोग नाही.

मग दुकानदाराचं काय? त्यानं तर काही केलं नाही. गाडी मुद्दाम घातली की चुकून, त्याला काय फरक पडतो? इंग्लंडच्या कोर्टांपुढे हाच प्रश्न १९६४ मध्ये आला. तिथे विमा नसलेल्या गाड्यांच्या बळींना भरपाई देणारी संस्था आहे. एका चालकानं सुरक्षा कर्मचाऱ्याला गाडीला लटकलेल्या अवस्थेत फरफटत नेलं होतं. कोर्टानं म्हटलं की गुन्हेगाराला स्वतःला विम्याचा फायदा घेता येणार नाही, पण सक्तीचा विमा हा तिसऱ्याच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा त्या निरपराध तिसऱ्याची भरपाई अडवायची नाही. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानं हेच पक्कं केलं.

आपल्याकडे याच विचाराचं रूप म्हणजे 'आधी द्या, मग वसूल करा'. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालानं हे तत्त्व नीट मांडलं. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, पॉलिसीची अट मोडली, अशा प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं की तिसऱ्याला पैसे आधी द्या आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करा. २०१९ च्या दुरुस्तीनं दारू पिऊन गाडी चालवणं हेही कंपनीच्या बचावाच्या कारणांत लेखी घातलं. त्यामुळे पिऊन गाडी चालवणाऱ्यानं असं समजू नये की कंपनी बघून घेईल. दुकानदाराला पैसे मिळतील कदाचित, पण कंपनी ते तुमच्या पगारातून, तुमच्या जमिनीवरून वसूल करू शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम तर पॉलिसीच्या अटीनंच गेला.

पोलीस ठाण्यातला तो कागद

आता ज्या मुद्द्यासाठी हे व्याख्यान मुख्यतः ठेवलं, तिथे येतो. डेअरीसमोर गर्दी जमली आहे. गाडीवाला घाबरलेला. कोणीतरी वजनदार माणूस मध्ये पडतो. "मिटवून टाका. लिहून द्या, सगळं नुकसान भरून देतो म्हणून." पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून गाडीवाला लिहितो : "माझी चूक झाली. मी २ लाख ४० हजार रुपये दोन महिन्यांत देईन." खाली सही. दोघंही घरी जातात. सगळ्यांना वाटतं, चांगलं झालं, माणुसकीनं मिटलं.

मोटार पॉलिसीच्या छापील अटींत एक अट असते. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमाधारकानं चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचेही नाहीत. दुसरी अट अशी की अपघाताची लेखी खबर लगेच द्यायची, खटला होणार असं कळलं तर तेही कळवायचं, आणि आलेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक समन्स कंपनीकडे पाठवायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही चालकानं विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची जबाबदारी आहे.

म्हणजे बाकावरच्या त्या एका कागदानं गाडीवाल्यानं आपल्याच क्लेमच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कंपनीला आक्षेप घ्यायला आयतं कारण मिळालं. दोन महिने होतात, गाडीवाल्याकडे पैसे नाहीत. दुकानदारानं त्या कागदावर विसंबून ना ट्रिब्यूनलमध्ये अर्ज केला, ना मोडका माल जपून ठेवला. सहा महिने निघून जातात. शेवटी हातात काय? एक सही केलेला कागद, तोही न पाळलेला.

यातलं सगळ्यांत वाईट म्हणजे कोणाचीच दानत खोटी नव्हती. पैसे होते. पॉलिसीत होते. नुसतं क्रमानं न गेल्यामुळे गेले.

मग करायचं काय? गाडीवाल्यानं तिथे एवढंच म्हणावं : "गाडीचा विमा आहे. ही पॉलिसीची प्रत घ्या, हा नंबर. मी उद्या सकाळी कंपनीला लेखी कळवतो आणि त्याची पोच तुम्हाला आणून देतो." यात कबुली नाही, वचन नाही, पण दुकानदाराला हवी ती माहिती आहे. विचारपूस करणं, मोडलेलं शटर रात्रीपुरतं झाकायला हात लावणं, याला कुठलीच पॉलिसी मना करत नाही. आणि दुकानदारानंही कागदावर सही मागण्याऐवजी पॉलिसीची प्रत मागावी. ती जास्त किमतीची आहे.

पॉलिसीत आणखी एक तरतूद असते, ती कोणी वाचत नाही. ज्या घटनेतून क्लेम उभा राहू शकतो, तिच्याबद्दलच्या कोर्टातल्या कारवाईत विमाधारकाचा बचाव करायचं काम कंपनी हवं तर स्वतःकडे घेऊ शकते. हे कंपनीच्या मर्जीवर आहे. पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

मिळालेले पैसे फौजदारी कोर्टापुढे कसे ठेवायचे

आता दोन्ही वाटा कुठे भेटतात ते बघू. समजा सगळं क्रमानं झालं. सर्व्हेअर येऊन गेला, घसारा धरून १ लाख ८० हजार रुपये मंजूर झाले, न्यायाधिकरणापुढे तडजोड झाली, दुकानदाराच्या खात्यात पैसे आले. उरले ६० हजार. ते गाडीवाला स्वतः द्यायला तयार आहे, आणि आता कंपनीला कळवून, रीतसर देतो आहे.

फौजदारी खटला मात्र अजून चालूच आहे. पैसे दिले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. पण त्याचा उपयोग होतो, तीन ठिकाणी.

एक, आपसात मिटवणं. नुकसान फक्त खासगी व्यक्तीचं असेल, तर आगळिकीचा गुन्हा साधारणपणे तडजोडीला पात्र असतो. नेमकं कोणतं पोटकलम लागलं आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. बेदरकार चालवण्याचं कलम मात्र आपसात मिटत नाही. तिथे काही वेळा दोन्ही पक्ष उच्च न्यायालयात जाऊन खटला रद्द करण्याची विनंती करतात. तो न्यायालयाच्या अधिकारातला विषय आहे, कोणाचा हक्क नव्हे.

दोन, कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेची तरतूद, ज्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात. ती आपल्याकडे २००६ पासून आहे आणि नव्या संहितेतही आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत ती वापरता येते. तिथे आरोपी, सरकारी पक्ष आणि पीडित मिळून तोडगा काढतात, आणि त्या तोडग्यात पीडिताची भरपाई हा मुख्य भाग असतो. नव्या संहितेत यासाठी आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

तीन, शिक्षा ठरवताना. कलम ३९५ असं सांगतं की फौजदारी कोर्टानं दिलेली भरपाई पुढच्या दिवाणी दाव्यात जमा धरायची. उलट दिशेनंही हेच सांगायला हवं. विम्यातून मिळालेले पैसे, त्याची पावती, तडजोडीचा हुकूम कोर्टापुढे ठेवा. नुकसानाचा किती भाग भरून निघाला आहे हे कोर्टाला आपोआप कळत नाही. सांगितलं तरच कळतं.

कॅलिफोर्नियातला कायदा इथे उद्बोधक आहे. आपली बरीच मराठी मंडळी तिकडे राहतात, त्यांच्या कामीही येईल. तिथे फौजदारी खटल्यात आरोपीनं पीडिताचं नुकसान भरून द्यायचं, ही जवळपास सक्ती आहे. आणि तिथला विमा कायदा असंही म्हणतो की फौजदारी खटल्यातला दंड किंवा भरपाईचा आदेश कुठल्याही पॉलिसीत येणार नाही. मग विमा निरुपयोगी झाला का? नाही. २००२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ठरवलं की आरोपीच्या विमा कंपनीनं पीडिताला दिवाणी तडजोडीत जे पैसे दिले, ते आरोपीच्या भरपाईतून वजा व्हायला हवेत. मात्र पीडितानं कंपनीला "आता काही मागणी नाही" असं लिहून दिलं, म्हणून उरलेली रक्कम माफ होत नाही. थेट दारानं विमा आत येऊ शकत नाही, पण नुकसान भरलं गेलं की कोर्ट ते मोजतं. आपल्या कायद्याची कलमं वेगळी आहेत, पण आम्ही सुरुवातीला सांगितलेलं सूत्र तेच आहे.

दुकानदाराची स्वतःची पॉलिसी

शेवटचा मुद्दा. आरोपी सापडलाच नाही तर? किंवा दगडफेक करून काच फोडली, रात्री कोणी टपरी पेटवली, तर? तिथे मोटारीचा विमा नाहीच. अशा वेळी कामी येते ती स्वतःची पॉलिसी. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि छोट्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहेत. त्यांत आगीबरोबर दंगल, संप आणि कोणी खोडसाळपणे केलेलं नुकसानही येतं. इथे 'मुद्दाम' हा शब्द आड येत नाही, कारण मुद्दाम करणारे तुम्ही नसून दुसरा कोणी आहे.

स्वतःच्या कंपनीनं पैसे दिले, की आरोपीकडून ते वसूल करायचा तुमचा हक्क तितक्यापुरता कंपनीकडे जातो. म्हणून परस्पर आरोपीशी तडजोड करून त्याला मोकळं करू नका. एकाच नुकसानाचे दोनदा पैसे घेणंही चालत नाही.

काही प्रश्न

*मुलगा सतरा वर्षांचा, वडिलांची गाडी घेऊन गेला आणि कुणाची भिंत पाडली. विमा चालेल?*

भिंतवाल्याला न्यायाधिकरण बहुधा कंपनीकडून पैसे देववेल, पण कंपनी ते वडिलांकडून वसूल करू शकेल, कारण मुलाकडे लायसन्स नाही. शिवाय कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. तो दंड कुठलाच विमा भरणार नाही.

*गाडी दुसरा चालवत होता, पण विम्यासाठी लायसन्सवाल्या भावाचं नाव सांगितलं तर?*

मग एका गुन्ह्याचे दोन झाले. आता फसवणूकही आली, आणि त्यात भाऊही अडकला. शिवाय खोटं उघडं पडलं की तुमच्याकडून वसुली करायला कंपनीला आणखी बळ मिळतं.

*कोर्टानं भरपाई सांगितली आणि आरोपी देत नाही. पुढे काय?*

ती दंडासारखी वसूल करता येते. भरपाई न दिल्यास कैद, अशी अट कोर्ट घालू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मान्य केलं आहे. पण तुरुंगात गेलेला माणूस कमवत नाही, हेही ध्यानात घ्या. म्हणूनच विम्याची वाट आधी धरा असं आम्ही म्हणतो.

आता थांबतो. घरी गेल्यावर पॉलिसी काढा, तो आकडा बघा, आणि कंपनीचा खबर देण्याचा नंबर फोनमध्ये भरून ठेवा. पुढच्या वेळी आपण ट्रिब्यूनलमधला अर्ज स्वतः कसा वाचायचा ते बघू.